शेअर बाजारात सब्र म्हणजे नेमकं काय? भंडाऱ्याच्या घरांसाठी थोडा हिशेब

आपल्या भागातल्या पोरांच्या मोबाइलवर आता दोन गोष्टी हमखास सापडतात. एक क्रिकेटचा स्कोअर आणि दुसरं ट्रेडिंगचं अ‍ॅप. मार्च २०२० मध्ये देशात साधारण ४ कोटी डिमॅट खाती होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती १० कोटींच्या पुढे गेली आणि मार्च २०२४ पर्यंत १५ कोटींवर. ही वाढ मुंबई-पुण्यापुरती नाही. भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीपर्यंत ती पोचली आहे, आणि मोहल्ल्यातल्या घरांतही पोचली आहे. कुणाच्या अब्बांनी सौदीत राहून पाठवलेले पैसे, कुणाच्या बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम, कुणाची हजसाठी जमवलेली पुंजी. हाच पैसा बाजारात उतरतोय. म्हणून या विषयावर घरात मोकळेपणाने बोलायला हवं.

ट्रेडिंग शिकवणारा प्रत्येक जण दोन शब्द सांगतो, पेशन्स आणि प्रॅक्टिस. शब्द खोटे नाहीत. पण सब्र कशासाठी करायचा आणि सराव कशाचा करायचा, हे कुणी नीट सांगत नाही. मग पोरगा तोट्यातला सौदा धरून बसतो आणि त्यालाच सब्र म्हणतो. रोज दहा सौदे करतो आणि त्याला सराव म्हणतो. दोन्ही चूक.

आधी आकडे बघू

सेबी ही बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स आणि ऑप्शन्सचा, म्हणजे एफअँडओचा, तीन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात सौदे करणाऱ्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. खर्च वजा जाता १ लाखाहून जास्त नफा कमावणारे फक्त १ टक्का. पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, परत हिशेब केला तेव्हाही ९१ टक्के लोक तोट्यातच होते.

त्याच अहवालात आपल्यासाठी महत्त्वाच्या तीन गोष्टी आहेत. एफअँडओ करणाऱ्यांत ७२ टक्क्यांहून जास्त लोक देशातल्या मोठ्या ३० शहरांच्या बाहेरचे होते. तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांचं जाहीर उत्पन्न वर्षाला ५ लाखांच्या खाली होतं. आणि तिशीच्या आतल्या पोरांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. हे वर्णन कुणाचं आहे ते सांगायची गरज नाही. लहान गावातला, कमी कमाईचा, तरुण मुलगा.

मग हा पैसा गेला कुठे? बराचसा मोठ्या संस्थांकडे. २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूक संस्था आणि ब्रोकर कंपन्यांच्या स्वतःच्या ट्रेडिंग विभागांनी याच बाजारात हजारो कोटींचा नफा काढला, आणि त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त नफा कॉम्प्युटरच्या अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांतून होता. बस स्टँडजवळच्या टपरीवर चहा पिता पिता मोबाइलवर बोट फिरवणारा आपला मुलगा समोर कुणाशी खेळतोय, हे त्याला कुणी तरी सांगायला हवं.

कुणी म्हणेल, ऑप्शन नको, पोरगा साधं इंट्राडे करतो. सेबीने जुलै २०२४ मध्ये त्याचाही अभ्यास दिला. २०२२-२३ मध्ये शेअरचं इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जण तोट्यात. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण ७६ टक्के. आणि वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत ८० टक्के. म्हणजे जितके जास्त सौदे, तितके तोट्यात जाणारे जास्त. सरावाने माणूस सुधारतो म्हणतात, मग इथे उलटं का?

जास्त सौदे म्हणजे सराव नव्हे

एक कारण अगदी साधं आहे, खर्च. समजा ५० हजारांचा शेअर सकाळी घेतला आणि दुपारी विकला. दोन्ही बाजूंची दलाली, विक्रीवरचा एसटीटी, एक्सचेंजची फी, स्टॅम्प ड्युटी, दलालीवरचा जीएसटी असं धरलं तर स्वस्तातल्या ब्रोकरकडेही साधारण पन्नास रुपये जातात. पन्नास रुपये म्हणजे काही नाही, असं वाटतं. रोज असे चार सौदे, वर्षाला २४० दिवस. झाले ४८ हजार. म्हणजे भाव वर-खाली न जाताही वर्षभरात जवळजवळ सगळं भांडवल खर्चातच संपलं. आधी हे ४८ हजार कमवायचे, मग घरी आणायचा नफा. इतकी कमाई करणारा धंदा आपल्या बाजारपेठेत कोणता आहे, ते ज्याने त्याने बघावं.

दुसरं कारण जरा खोल आहे. पितळेचं भांडं घडवणारा कारागीर ठोका चुकला की लगेच बघतो, पत्रा वाकडा झाला. पुढचा ठोका तो सुधारतो. भंडाऱ्याची पितळी भांडी नावाजली ती याच रोजच्या सुधारण्यातून. बाजारात मात्र असं होत नाही. चुकीचा सौदा करूनही कधी कधी नफा होतो, आणि बरोबर सौदा करूनही तोटा. मनाला चुकीचा धडा मिळतो. तीन वेळा नशिबाने जिंकलेला पोरगा समजतो, आपल्याला जमलं. चौथ्या वेळी रक्कम तिप्पट करतो.

ब्राझीलमधल्या अभ्यासकांनी फ्युचर्समध्ये रोज सौदे करणाऱ्या लोकांचा मागोवा घेतला होता. ३०० दिवसांहून जास्त टिकलेल्यांपैकी ९७ टक्के लोक तोट्यात निघाले, आणि दिवसांमागून दिवस गेले तरी लोक शिकत आहेत असं काही दिसलं नाही. म्हणजे नुसतं टिकून राहणं हा सराव नाही. आपल्याकडेही सेबीला तेच दिसलं. लागोपाठ दोन वर्षं तोटा खाल्लेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोक तरीही एफअँडओ करतच राहिले. याला कुणी सब्र म्हणू नये.

खरा सराव म्हणजे लिहिलेला आणि नंतर तपासलेला सराव. साधी वही घ्या. सौदा करण्याआधी चार ओळी लिहा. हा शेअर का घेतोय, किती भावाला, कुठे चूक मान्य करून बाहेर पडणार, किती रुपये गेले तर चालतील. सौदा संपल्यावर एक ओळ, ठरवल्याप्रमाणे वागलो का? नफा झाला की तोटा हे वहीत दुय्यम. महिन्याने वही उघडली की कळतं, आपण बाजारामुळे हरतोय की आपल्याच घाईमुळे. ही वही पहिले सहा महिने पैसे न लावता भरावी, असं माझं मत. याला कागदी ट्रेडिंग म्हणतात. पोरांना ते बोअर होतं. होऊ द्या. ज्याला सहा महिने वही भरवत नाही, त्याला पैसे लावून सहा महिने डोकं थंड ठेवता येणार नाही.

आपल्या जिल्ह्यातलंच एक उदाहरण

सरावासाठी कंपनी कोणती घ्यावी? लांब जायला नको. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. त्या मॉईल या सरकारी कंपनीच्या. मुख्यालय नागपूरला, बाकी खाणी नागपूर जिल्ह्यात आणि शेजारच्या बालाघाटमध्ये. आपल्याकडच्या कित्येक घरांची चूल या खाणींवर पेटली आहे. पण ही कंपनी शेअर बाजारात आहे, हे सगळ्यांना माहीत असेलच असं नाही.

डिसेंबर २०१० मध्ये मॉईलचा आयपीओ आला. इश्यूचा भाव ३७५ रुपये. लोकांच्या उड्या पडल्या, मागणी कित्येक पटींनी जास्त. बाजारात नोंद झाली त्या दिवशी भाव ५०० च्या वर गेला. ज्यांना शेअर मिळाले नव्हते त्यातल्या अनेकांनी त्या दिवशी घाईने वरच्या भावात खरेदी केली. पुढच्या वर्षभरात पोलादाचा बाजार मंदावला आणि भाव इश्यूच्याही बराच खाली आला. २०१७ मध्ये कंपनीने एकास एक बोनस दिला, म्हणजे ३७५ ला घेतलेल्या शेअरची खरेदी किंमत बोनसनंतर १८७.५० झाली आणि ५०० ला घेतलेल्याची २५०. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या घबराटीत भाव शंभरच्या आसपास होता. म्हणजे दहा वर्षं धरून बसलेला माणूस कागदावर जवळजवळ निम्म्यावर. मधे मिळालेला लाभांश तेवढा हाती. आणि जुलै २०२४ मध्ये हाच शेअर साडेपाचशेच्या वर गेला. २०२५ च्या सुरुवातीला परत साडेतीनशेच्या खाली.

या गोष्टीतून 'धरून ठेवा, पैसा होतोच' असा अर्थ काढाल तर फसाल. नीट बघा. एकच कंपनी, त्याच खाणी, तेच मजूर. पण २०१० च्या पहिल्या दिवशी ५०० ला घेणारा वर्षानुवर्षं तोट्यात बसला, आणि २०२० मध्ये शंभरच्या आसपास घेणारा चार वर्षांत पाचपट झाला. धीर पहिल्यानेच जास्त धरला. कमाई दुसऱ्याची जास्त झाली. सब्र भाव पडल्यावर घट्ट धरून बसण्यात असतो, तसा घेण्याआधी थांबण्यातही असतो. मला विचाराल तर घेण्याआधीचा सब्र जास्त महत्त्वाचा आणि जास्त अवघड. कारण तेव्हा सगळे जण घेत असतात आणि आपणच मागे राहिलो असं वाटतं.

मॉईलवर सराव करायचा तर असा करा. मँगनीज पोलादात जातं, म्हणून पोलादाच्या बाजाराकडे लक्ष ठेवा. कंपनी आपल्या खनिजाचे दर ठरावीक काळाने बदलते आणि ते एक्सचेंजला कळवते. उत्पादनाचे आकडे कळवते, दर तिमाहीला निकाल देते. हे सगळं फुकट वाचायला मिळतं. दर वाढवले तर शेअरवर काय परिणाम होईल, हे आधी वहीत लिहा. मग काय झालं ते लिहा. सहा महिन्यांत तुमच्या लक्षात येईल की चांगली बातमी येऊनही शेअर कधी कधी पडतो, कारण ती बातमी भावात आधीच आलेली असते. कोर्सला हजारो रुपये भरून जे कळत नाही, ते इथे पैसे न घालवता कळतं. खाणीत काम करणारा एखादा चाचा घरात असेल तर मँगनीजची प्रत म्हणजे काय, पावसाळ्यात उघड्या खाणीचं काम का मंदावतं, हेही त्यांच्याकडून समजेल. फक्त एक लक्षात ठेवा. कंपनीच्या आतली, जाहीर न झालेली खबर वापरून सौदा करणं कायद्याने गुन्हा आहे.

अमळनेरची गोष्ट आणि तिची दुसरी बाजू

सब्राची गोष्ट निघाली की खान्देशातल्या अमळनेरचं नाव येतं. डिसेंबर १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. दुसऱ्याच वर्षी कंपनीचे शेअर लोकांना दिले, १०० रुपयाला एक. गावातल्या लोकांनी घेतले. काहींनी कारखाना आपल्या गावचा म्हणून घेतले, काहींनी ओळखीच्या माणसाने गळ घातली म्हणून. १९६६ मध्ये हाशमसाहेब वारले आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट सोडून आले. तीच कंपनी पुढे विप्रो झाली, कॉम्प्युटरमध्ये गेली. अमळनेरमध्ये ज्यांनी ते शेअर विकले नाहीत, ती घरं करोडपती झाली.

बोनसचा हिशेब करून बघा. २००४ च्या सुरुवातीला कुणाकडे विप्रोचे ३ शेअर असतील, तर त्या वर्षीच्या एकास दोन बोनसने ते ९ झाले. २००५ मध्ये एकास एक, १८. २०१० मध्ये तिनास दोन, ३०. २०१७ मध्ये ६०. २०१९ मध्ये तिनास एक, ८०. डिसेंबर २०२४ मध्ये परत एकास एक, १६०. काही न करता तीनाचे एकशे साठ. अर्थात बोनसने शेअर वाढतात तसा भावही त्या प्रमाणात खाली येतो, नुसत्या बोनसने कुणी श्रीमंत होत नाही. श्रीमंत झाले ते कंपनीचा धंदा वाढला म्हणून.

पण ही गोष्ट सांगणारे तिची दुसरी बाजू सांगत नाहीत. त्याच काळात महाराष्ट्रात शेकडो कंपन्या निघाल्या. कापड गिरण्या, साखर, रसायनं. त्यातल्या कितीतरी बंद पडल्या. त्यांचे शेअर सब्र करून ठेवणाऱ्यांच्या पेटीत रद्दीचे कागद उरले. त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण सांगण्यासारखी नाही. म्हणून एकाच कंपनीवर घराची पुंजी लावून 'अल्लाह मालिक आहे' म्हणणं बरोबर नाही. आधी उंट बांधा, मग तवक्कुल करा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. बाजारात उंट बांधणं म्हणजे पैसे दहा-पंधरा ठिकाणी विभागणं आणि प्रत्येक ठिकाणी किती गेले तर चालतील हे आधीच ठरवणं.

किती पैसे, किती धोका

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात कामाचा हाच. भांडवल ५० हजार धरू. जुने लोक सांगतात, एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त धोका नको. म्हणजे ५०० रुपये. शेअर २५० ला घेतोय आणि २४० ला आला तर बाहेर पडायचं ठरवलंय. शेअरमागे धोका १० रुपये. मग घ्यायचे ५० शेअर, साडेबारा हजारांचे. बाकीचे पैसे तसेच राहू द्यायचे. लागोपाठ दहा सौदे चुकले तरी साधारण पाच हजारच गेले, ४५ हजार शाबूत. ते परत मिळवायला ११ टक्क्यांच्या आसपास लागतात.

आता दर सौद्याला दहा टक्के धोका घेणारा बघा. लागोपाठ दहा वेळा चुकला तर त्याचे ५० हजारांचे साडेसतरा हजारही उरत नाहीत. ५० हजारांवर परत यायला त्याला १८७ टक्के नफा हवा. तो मिळणार नाही. आणि लागोपाठ दहा वेळा चुकणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, कधीतरी होतंच.

ऑप्शनमध्ये तर हा हिशेबच बसत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून इंडेक्सच्या नव्या एफअँडओ करारांची किमान किंमत १५ लाख रुपये आहे. ५० हजारांच्या माणसाने १५ लाखांच्या करारात एक टक्क्याचा धोका कसा पाळायचा? शिवाय ऑप्शनची मुदत संपत जाते तशी त्याची किंमत विरघळते. शेअर असेल तर धीर धरून वाट बघता येते. विकत घेतलेल्या ऑप्शनमध्ये धीर धरणं म्हणजे हातातला बर्फ सांभाळणं.

आणि तोट्यातल्या शेअरचं काय? खरेदीचं कारण अजून खरं असेल, कंपनीचा धंदा ठीक असेल, आणि पैसे लवकर लागणार नसतील, तर थांबण्याला सब्र म्हणावं. कारणच राहिलं नसेल तर तो हट्ट आहे. धान पिकवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. रोवणीनंतर तो तीन-चार महिने थांबतो, कारण पीक बांधीत उभं दिसतं. पऱ्हेच करपले तर तो दिवाळीपर्यंत वाट बघत बसत नाही, दुसरी सोय करतो.

हलाल-हरामचा प्रश्न

हा प्रश्न टाळून आपल्या घरात हा विषय पुढे जात नाही. इथे फतवा द्यायचा नाही, तो आपल्या मुफ्तीसाहेबांकडून घ्यावा. पण काय विचारायचं हे माहीत हवं.

शेअर घेणं म्हणजे कंपनीत भागीदारी, म्हणून बहुतेक उलेमा ती तत्त्वतः जायज मानतात, अटी मात्र आहेत. धंदा हराम नसावा. दारू, व्याजी बँक, जुगार वगैरे नको. इस्लामी वित्तसंस्थांसाठी नियम करणाऱ्या आयोफीच्या मापाप्रमाणे कंपनीचं व्याजी कर्ज बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांच्या आत, व्याजी ठेवी ३० टक्क्यांच्या आत, आणि हराम उत्पन्न ५ टक्क्यांच्या आत असावं. मॉईलच्या बाबतीत हे माप लावून बघण्यासारखं आहे. कंपनीवर कर्ज जवळजवळ नसायचं, म्हणून सगळे खूश. पण बँकेत मोठ्या ठेवी होत्या आणि मंदीच्या वर्षांत त्यावरच्या व्याजाचा वाटा उत्पन्नात चांगलाच मोठा झाला होता. कर्ज नाही म्हणजे पास, असं नसतं. आणि हे आकडे दरवर्षी बदलतात.

इंट्राडेबाबत अनेक उलेमांचा आक्षेप ताबा मिळण्याआधी विकण्यावर आहे. आपल्याकडे २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरसाठी टी प्लस वन लागू झालं, म्हणजे घेतलेला शेअर डिमॅटमध्ये दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी येतो. त्याच दिवशी विकणारा हातात न आलेली वस्तू विकतो. शॉर्ट सेलिंगमध्ये तर आपली नसलेलीच वस्तू विकली जाते. ऑप्शनबद्दल इस्लामी फिक्ह अकादमीने १९९२ च्या जेद्दाहच्या बैठकीतच ठराव करून ते करार नाजायज ठरवले आहेत. आणि ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ते मार्जिन ट्रेडिंग. अ‍ॅपवर 'चारपट घ्या' असं बटन येतं. डिलिव्हरीसाठी ते दाबलं की ब्रोकर उसने पैसे देतो आणि त्यावर रोजचं व्याज लावतो. अटी न वाचता हे बटन दाबणारे आपल्याकडे कमी नाहीत.

गंमत बघा. सेबीचे आकडे जिथे सगळ्यात जास्त लोक बुडताना दाखवतात, ती ऑप्शन आणि इंट्राडेचीच जागा आहे, आणि शरियतचे आक्षेपही नेमके तिथेच सगळ्यात जास्त आहेत. उरतं ते स्वतःच्या पैशाने, डिलिव्हरी घेऊन, नीट तपासलेला शेअर घेणं. तिथे सब्र आणि सराव दोन्ही कामाला येतात. स्वतः निवड करायला वेळ नसेल त्यांच्यासाठी निफ्टी ५० शरिया, निफ्टी ५०० शरिया असे निर्देशांक आहेत. त्यातल्या कंपन्यांची यादी बघता येते. टाटा एथिकलसारखे फंडही आहेत. नाव घेतलं म्हणजे शिफारस नव्हे, तेही पडतात.

विकण्यासाठीच घेतलेल्या शेअरवर जकातीच्या दिवशीच्या बाजारभावाने अडीच टक्के जकात निघते, हे रमजानमध्ये विसरलं जातं. आयकराचं वेगळं. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर विकलेल्यावर सव्वा लाखापर्यंत माफ आणि पुढे साडेबारा टक्के, हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. इंट्राडे मात्र धंद्याचं उत्पन्न धरलं जातं.

शिकवणाऱ्यांपासून सावध

ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने 'बाप ऑफ चार्ट' नावाने शिकवणी चालवणाऱ्यांवर अंतरिम आदेश काढला. शिक्षणाच्या नावाखाली परवान्याशिवाय शेअरचा सल्ला दिला असं सेबीचं म्हणणं होतं आणि १७ कोटींहून जास्त रक्कम जमा करायला सांगितली. त्याच आदेशात असंही नोंदवलं होतं की भरघोस नफ्याची जाहिरात करणारा हा गुरू स्वतः अडीच वर्षांत ट्रेडिंगमध्ये पावणेतीन कोटींहून जास्त हरला होता. कमाई कोर्सच्या फीमधून होती. म्हणून कुणी कोर्स विकायला आला तर एवढंच विचारा, तुमच्या ब्रोकरचा गेल्या तीन वर्षांचा खर्चासकट नफा-तोट्याचा रिपोर्ट दाखवा. स्क्रीनशॉट नको. आणि सल्ला देत असेल तर सेबीचा नोंदणी क्रमांक मागा, तो सेबीच्या वेबसाइटवर तपासता येतो.

टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून आलेल्या लिंकवरचं अ‍ॅप घेऊ नका. खोट्या अ‍ॅपवर नफा वाढताना दिसतो, पैसे काढायला गेलं की आधी 'टॅक्स' मागतात. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांच्या यूपीआय पत्त्यात 'व्हॅलिड' हा शब्द देण्याची सोय सेबीने केली आहे. कुणाच्या खासगी खात्यावर किंवा साध्या मोबाइल नंबरवर पैसे मागितले तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर शरमेपोटी गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. खऱ्या ब्रोकरबद्दल तक्रार असेल तर ती सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर नोंदवता येते, त्यासाठी वकील लागत नाही आणि नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत.

घरातल्या मोठ्यांना एक सांगायचंय. पोरगा ट्रेडिंग करतो हे कळल्यावर आरडाओरडा केला की तो लपवून करतो, आणि लपवलेला तोटा भरून काढायला कर्जाच्या अ‍ॅपकडे जातो. त्यापेक्षा जुम्याच्या दिवशी दुपारी त्याच्याजवळ बसा आणि अ‍ॅपमधला नफा-तोट्याचा रिपोर्ट, आर्थिक वर्ष निवडून, खर्चासकट उघडायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. गेल्या आठवड्यात काय कमावलं ते त्याला तोंडपाठ असतं. वर्षाचा आकडा बहुतेकांनी कधी बघितलेलाच नसतो.